गाडीच्या पुढच्या जाळीचे कान का तुटतात?

पाऊस सरला की कोकणातल्या गॅरेजांत दोन तक्रारी हमखास येतात. एक म्हणजे हॉर्नचा आवाज बसला. दुसरी, एसी पूर्वीसारखा गार करत नाही. दोन्हींचं मूळ बहुतेक गाड्यांत एकाच जागी सापडतं, पुढच्या जाळीच्या मागे. हॉर्न तिथेच कुठेतरी अडकवलेला असतो. एसीचा कंडेन्सर, म्हणजे आतला तापलेला गॅस बाहेरच्या वाऱ्यावर निववणारी ती पातळ पत्र्यांची चौकट, तीही तिथेच उभी असते. चार महिने चिखल, पालापाचोळा, किडे आणि खारे तुषार यांचा पहिला मारा तिच्यावर. मग गाडी गॅरेजात जाते आणि संध्याकाळी फोन येतो, "काका, हॉर्न नवीन टाकलाय. जाळी काढताना एक लॉक गेलं, पण बसवलीय एकदम फिट. हलत नाही."

हलते. आज नाही, पण पुढच्या खेपेला आंबा घाट उतरताना पुढून खडखड ऐकू यायला लागते. हॉर्न काही शेकड्यांत आलेला असतो, जाळी मात्र हजारांचा आकडा दाखवते.

यात मेकॅनिक अडाणी असतो असं नाही. बहुतेकदा तो घाईत असतो, आणि आजच्या गाड्यांची जाळी घाईला बधत नाही. ती धरून ठेवणाऱ्या प्रत्येक वस्तूची सुटायची एक ठरलेली दिशा असते. ती दिशा ठाऊक असली तर दोन बोटांनी काम होतं, नसली तर दोन माणसं लावूनही मोडतोडच पदरी पडते.

## जाळी धरून ठेवतं कोण?

पुढून पाहिलं तर जाळीवर एकही स्क्रू दिसत नाही. दिसू नये अशीच ती घडवलेली असते. धरणारी मंडळी मागे किंवा वर लपलेली असतात, आणि ती चार प्रकारची.

पहिला, साधा स्क्रू किंवा दहाच्या पान्याचा बोल्ट. तो प्लास्टिकमधून जाऊन मागच्या पत्र्यावर चिमट्यासारख्या चढवलेल्या पातळ नटात बसतो. दुसरी, बंपर क्लिप, म्हणजे काळ्या प्लास्टिकचं गोल बटण. बोनेट उघडलं की वरच्या काठाने यांची रांग दिसते. तिसरा, कान. गॅरेजात याला 'लॉक' म्हणतात. हा जाळीचाच भाग असतो. साच्यातून जाळी निघते तेव्हाच तिच्या मागे या छोट्या पट्ट्या येतात आणि त्यांच्या टोकाला एक दात असतो. तो बंपरच्या खाचेत 'टक' करून बसतो. चौथा प्रकार म्हणजे खालच्या कडेचे आकडे. ते कुठेही अडकत नाहीत, नुसते खाचेत टेकलेले असतात आणि जाळीचं वजन पेलतात.

मंगलोरी कौल काढताना पाहिलंय ना? जाणता माणूस मधलं कौल खेचत नाही. आधी वरच्या ओळीतलं थोडं उचलतो, मग खालचं रिपेवरून सोडवून सरकवतो. कौलाच्या वरच्या कडेखालचा ओठ रिपेला धरून आहे हे त्याला माहीत असतं. जाळीचं गणित हेच. वरचे स्क्रू आणि क्लिपा, मग दोन्ही बाजूंचे कान, आणि शेवटी खालचे आकडे, तेही पुढे न ओढता वर उचलून. लॉक जातं ते बहुतेक वेळा हा क्रम उलटा केल्याने. वरचा एखादा स्क्रू राहिलेला असतो आणि खालून जोर लावला जातो.

## बंपर काढावा लागतो की नाही?

हा प्रश्न हत्यार हातात घेण्याआधी सोडवायचा. काही गाड्यांत जाळी स्वतंत्र असते, समोरून किंवा वरून निघते. जुन्या जीपसारख्या गाड्यांत तर काही गूढच नाही. पण अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत जाळी बंपरच्या आतल्या बाजूने बसवलेली असते आणि तिचे कान मागून दाबल्याशिवाय सुटतच नाहीत. अशा गाडीत समोरून कितीही हळुवार ओढा, कान मोडणारच, कारण त्याला सुटायला वाटच नाही.

ओळखायचं कसं? बोनेट उघडा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि जाळी व रेडिएटर यांच्या फटीतून खाली पाहा. जाळीची कड बंपरच्या प्लास्टिकवर पुढून टेकलेली दिसली तर आशा आहे. बंपरची कड जाळीच्या पुढे येऊन तिला झाकत असेल, तर बंपर उतरवायची तयारी ठेवा. म्हणजे चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालच्या बाजूच्या क्लिपा, फॉग लॅम्पची वायर, पार्किंग सेन्सरचे जोड. हे एकट्याचं काम नव्हे, दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच.

यात नंबर प्लेटची एक मेख आहे. नव्या सुरक्षा नंबर प्लेट एकदाच वापरता येणाऱ्या कुलपी रिबिटांनी ठोकलेल्या असतात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांबरोबर त्या कंपनीकडूनच येतात आणि डीलर त्या बसवून देतो, आणि आता महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही सक्तीच्या झाल्या आहेत. प्लेट बंपरवर तशीच राहू द्यावी, बंपरबरोबर ती उतरते. पण एखाद्या गाडीत बंपरचा स्क्रू नेमका प्लेटच्या मागे असला तर ती रिबिटं घरी तोडू नका. ती पुन्हा लागत नाहीत आणि बाजारातल्या साध्या स्क्रूवर प्लेट बसवणं नियमात बसत नाही. अशा वेळी सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं.

## एवढंसं बटण, आणि तीन तऱ्हा

बंपर क्लिप नीट पाहिली तर तिचे दोन भाग दिसतात. बाहेरची चिरलेली नळी आणि मधली खिळी. खिळी आत गेली की नळीचे पाय फाकतात आणि ते भोकात अडकतात. खिळी मागे आली की पाय मिटतात आणि क्लिप अलगद बाहेर येते. ओढायची आहे ती खिळी, अख्खी क्लिप नव्हे.

आता तऱ्हा. पहिल्या जातीत खिळीच्या डोक्याला बाजूने बारीक खाच असते. तिथे चपटं टोक घालून खिळी काही मिलिमीटर वर उचलायची, मग पूर्ण क्लिप काढायची. दुसऱ्या जातीत खिळीवर फुलीची खूण असते. ती पाव-अर्धा फेरा फिरवली की वर येते. इथे स्क्रू ड्रायव्हर जोरात दाबून फिरवला तर मऊ प्लास्टिकची फुली घासून सपाट होते. म्हणून हलका हात, आणि दुसऱ्या हाताने क्लिपची कड खालून किंचित उचललेली. तिसरी जात फसवी. तिची मधली खिळी वर येत नाही, आत दाबायची असते. पेनाच्या टोकाने मधोमध दाबलं की खिळी थोडी खाली बसते आणि क्लिप ढिली होते. ही जात न ओळखता कडेने उचकटली की डोकं तुटून हातात येतं आणि पाय भोकातच राहतात. फार दाबली तर खिळी आरपार जाऊन खालच्या पोकळीत पडते आणि मग शोधत बसा. परत बसवताना या तिसऱ्या क्लिपची खिळी आधी मागून ढकलून वर काढावी लागते, क्लिप भोकात घालावी लागते आणि शेवटी खिळी डोक्याच्या पातळीपर्यंतच दाबायची असते.

कोकणातली खास अडचण याच्या आधीच येते. मुंबई-गोवा महामार्गाची आणि गावातल्या जांभ्याच्या रस्त्यांची लाल धूळ पावसात कालवली जाते आणि या खिळीभोवतीच्या फटीत जाऊन बसते. वाळली की खिळी जागची हलत नाही. वरून क्लिप काळी दिसते, पण खिळीभोवती एक बारीक तांबडं कडं असतं. असं कडं दिसलं की हत्यार बाजूला ठेवायचं, मग जुना दात घासायचा ब्रश, साबणाचं पाणी आणि थोडा धीर. पाणी दोन-तीनदा सोडून ब्रशने घासलं की खिळी मोकळी होते. मी क्लिपा नेहमी आधी धुऊनच घेतो. किनाऱ्यावर फिरलेल्या गाडीत तर बारीक रेतीसुद्धा निघते.

## कान वाकतो कधी, मोडतो कधी?

जाळ्या बहुतेक करून एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात. बंपर असतो पॉलिप्रॉपिलीनचा, तो जास्त लवचीक. एबीएस कडक, गुळगुळीत, रंग आणि क्रोम धरणारं, म्हणून जाळीसाठी सोयीचं. पण कडकपणाची किंमत कान चुकवतो.

वाकण्याचा एक नियम इथे कामाला येतो. पट्टीची जाडी दुप्पट झाली की तिचा ताठरपणा आठपट होतो. त्यामुळे लांब, पातळ कान सहज लवतो, आणि आखूड, जाड कान तेवढंच वाकवायला गेलं की मुळाशी चिरतो. आपल्या हातात कानाची जाडी नसते, पण जोर कुठे लावायचा हे असतं. जाळीच्या मध्यावर धरून ओढलं तर सगळे कान एकदम ताणले जातात आणि जो सर्वांत आखूड तो आधी जातो. कानाच्या अगदी जवळ, दोन बोटांच्या अंतरावर धरून, एकेक सोडवला तर तेवढाच कान लवतो.

क्रोमच्या जाळीला दुप्पट सांभाळा. तिथे प्लास्टिकवर आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि सगळ्यांत वर क्रोमियमचा अगदी पातळ थर असतो. हा मुलामा बऱ्याचदा कानांवरही चढतो. धातूचं ते कवच वाकायला तयार नसतं. ते तडकतं आणि तडा खालच्या प्लास्टिकमध्ये उतरतो.

नंतर ऊन. एबीएसमधला 'बी' म्हणजे ब्युटाडाइन, रबराचा अंश. त्याच्यामुळेच हे प्लास्टिक धक्का सोसतं. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तो अंश अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू नासतो. रंग पिवळट पडतो, पृष्ठभाग निस्तेज होतो आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. म्हणून अंगणात माडाखाली उन्हापावसात उभी राहणारी दहा वर्षांची गाडी आणि शेडमध्ये राहणारी तशीच गाडी, दोघींच्या जाळ्या एकाच साच्यातल्या असल्या तरी वागतात वेगळ्या. हवा एका बाबतीत मात्र आपल्या बाजूची. थंड प्लास्टिक जास्त मोडतं, आणि कोकणात ती अडचण क्वचितच येते. दापोलीकडच्या थंडीतली पहाट टाळा, उन्हं वर येऊ द्या, एवढं पुरे. हेअर ड्रायर, हीट गन वगैरेच्या भानगडीत पडू नका.

सर्वांत मोठं नुकसान मात्र पुसण्यातून होतं. पेट्रोलचा बोळा किंवा थिनर एबीएसला लागला की ते आधी मऊ पडतं, आणि ताणाखाली असलेल्या जागी, म्हणजे नेमकं कानाच्या मुळाशी, बारीक तडे जातात. त्या दिवशी काही दिसत नाही. पुढच्या वेळी जाळी काढताना कान हातात येतो आणि दोष त्या वेळच्या माणसावर जातो. साबणपाणीच वापरा.

## मीठ स्क्रूला सोडत का नाही?

गंज फक्त पावसाने येतो, असा समज आहे. मग मे महिन्यात मालवण, हर्णै, गुहागरकडच्या गाड्यांचे स्क्रू का गंजतात? कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. कोकणपट्टीत हवा इतकी कोरडी क्वचितच असते. म्हणजे किनाऱ्यावर उभ्या गाडीच्या स्क्रूवर मिठाचा थर असला, की तो स्क्रू पाऊस नसतानाही बहुतेक वेळ पूर्ण सुका नसतो. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीतून गाडी नेली की वाऱ्यावरचे तुषार थेट जाळीतून आत जातात. घरी आल्यावर पुढून साध्या पाण्याचा हलका फवारा मारला तर हा थर निघून जातो.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते. स्क्रू आणि नट यांच्यात ती जागा नसतेच, म्हणून तो फुगून आवळून बसतो. पातळ पत्र्याचा नट तर आतून पोखरलेला असतो. जोर लावला की स्क्रू सुटण्याऐवजी नटच स्क्रूबरोबर गरगर फिरतो आणि प्लास्टिकचं भोक रुंदावतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. डब्ल्यूडी-४० किंवा तसलं झिरपणारं तेल स्क्रूवर थेंबभर, तेही कापूस लावून, प्लास्टिकवर ओघळू न देता. लगेच फिरवायचं नाही, चहा घेऊन या. मग आधी किंचित आवळायचा, नंतर सोडवायचा, पुन्हा आवळायचा, असं पुढे-मागे. आवळल्याने गंजाची पकड तुटते. नट फिरत असेल तर मागून प्लायरने धरा. स्क्रूच्या डोक्यात बरोबर मापाचाच ड्रायव्हर हवा. गॅरेजात 'स्टार' म्हटलं की कधी साधी फुली निघते, कधी सहा टोकांचा टॉर्क्स. दुसऱ्याच मापाचा घालून फिरवलात तर डोकं गोल झालंच म्हणून समजा.

## प्रत्यक्ष काढताना

किल्ली बंद, मग बॅटरीची ऋण तार काढलेली. हॉर्न किंवा वायरीला हात लागणार असेल तर हे नक्कीच. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर किंवा आसपास एअरबॅगचा धडक ओळखणारा सेन्सर असतो, तिथे ठोकाठोक नको. तार काढल्यावर किती थांबायचं हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेवढं थांबा.

मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठली क्लिप कुठे होती, वायर कुठून गेली होती, ते सगळं. बंपरच्या रंगाच्या कडेवर मास्किंग टेप लावा. हत्यार प्लास्टिकचं असावं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरला कितीही टेप गुंडाळली तरी एकदा सटकला की रंगावर ओरखडा उठतोच.

वरचं सगळं सोडवून झालं की जाळी एका बाजूने हलकी हलवून पाहा. जिथे ती अजिबात हलत नाही, तिथे काहीतरी राहिलंय. हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण. इथे थांबून टॉर्चने पाहणारा जाळी वाचवतो. कान मागून दिसत असेल तर त्याचा दात बोटाने किंवा हत्याराने खाचेतून बाजूला करा, एक सुटला की त्या फटीत दुमडलेला पुठ्ठा ठेवा म्हणजे तो परत बसत नाही, आणि पुढच्याकडे जा. शेवटी वर उचलून आकडे मोकळे करा. पण ओढून लगेच लांब नेऊ नका, मागे कॅमेऱ्याची किंवा सेन्सरची वायर असू शकते.

ज्या गाड्यांत चालकाला मदत करणारी यंत्रणा, म्हणजे अॅडास आहे, तिथे वेगळा विचार हवा. २०२१ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ७०० नंतर आपल्याकडे अशा गाड्या बऱ्याच दिसू लागल्या. त्यांचा रडार पुढच्या भागात, अनेकदा जाळीत किंवा लोगोच्या मागे असतो. तो अंशभर जरी तिरका बसला तरी पुढच्या गाडीचं अंतर चुकीचं मोजू शकतो आणि मग तो यंत्रावर लावून पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. अशी गाडी असेल तर मी घरी हात लावणार नाही, तुम्हीही लावू नये.

## "यूट्यूबवर तर दोन मिनिटांत निघते"

निघते. तिथली गाडी नवी किंवा धुतलेली असते, क्लिपा एकदा आधी काढलेल्या असतात आणि अडलेला भाग कापून टाकलेला असतो. तुमच्याच मॉडेलचा आणि त्याच वर्षाचा व्हिडिओ असेल तर क्लिपांच्या जागा समजून घ्यायला जरूर पाहा. वेळेचा अंदाज त्यावरून बांधू नका.

## "एक कान गेला तर काय बिघडलं?"

एका कानाने जाळी पडत नाही, खरंय. पण त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो, जाळी तिथे सूक्ष्म हलत राहते आणि खड्ड्यागणिक शेजारचे कान थकतात. तुटलेला तुकडा जपून ठेवा. एबीएससाठीचं विरघळवून जोडणारं सोल्युशन लावून तो बऱ्यापैकी बसतो, वर मागून प्लास्टिकची पट्टी चिकटवली तर आणखी टिकतो. फेविक्विकचा जोड कडक असतो. ताण सरळ आला तर धरतो, वाकवलं की सुटतो, आणि कानाचं कामच वाकण्याचं. क्लिपा तुटल्या तर मात्र रडू नये. त्या स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतात, चार जास्तीच्या आधीच आणून ठेवाव्यात. जाळी परत बसवताना तिथल्या क्लिपेऐवजी प्लास्टिकचा टाय बांधलेला दिसला तर मेकॅनिकला तिथेच विचारा.

## "काढलीच आहे तर दुसरी बसवू का? किंवा पुढे गार्ड?"

दाट जाळीची फॅन्सी ग्रिल दिसायला छान, पण वारा कमी आत येतो. घाट चढताना एसी लावलेला असेल तर इंजिन आणि एसी, दोघांनाही तो वारा हवा असतो. लोखंडी गार्डचं उत्तर सोपं आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. बेकायदा फेरबदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय धडकेचा जोर गार्ड थेट चौकटीकडे पाठवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं.

## "मग सगळे स्क्रू स्टेनलेसचेच टाकतो"

ही सूचना किनाऱ्यावर प्रत्येकजण करतो. स्टेनलेसचा स्क्रू स्वतः सहसा गंजत नाही, पण तो साध्या लोखंडी नटात बसवला आणि मधे खारं पाणी आलं की दोन धातूंमध्ये विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि नटच आधीपेक्षा लवकर खाल्ला जातो. बदलायचे तर दोन्ही बदला. नाहीतर मूळ जस्ताचा मुलामा असलेला कंपनीचा स्क्रू नवा घ्या, त्याच्या आट्यांवर अगदी थोडं ग्रीस लावा आणि तो हाताने सहज फिरेल तिथवर फिरवून मग पाव फेरा आवळा. प्लास्टिकच्या भोकात यापेक्षा जास्त आवळायची गरज नसते.